कानसर

वर्गात शिरले की कानसर सगळ्यांत मागे जायचे, भिंतीला टेकून मुलांच्या रांगेतच मांडी घालायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. गणिताचा तास संपेपर्यंत ते डोळे उघडत नसत. माझ्या वर्गात पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, भोरहून इतक्या लांब मोटारसायकल चालवत आलेला माणूस, दमला असेल, लागला असेल डोळा. तास संपल्यावर ते उठले, पँटची धूळ झटकली आणि म्हणाले, "खिडकीकडच्या रांगेत एक किनऱ्या आवाजाची मुलगी आहे. ती दरवेळी उत्तर द्यायला श्वास घेते आणि तसाच सोडून देते. तिला विचारून बघा." त्यांनी त्या मुलीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. मला तेव्हा कौतुक वाटण्याआधी अंगावर काटा आला, हे खरं.

कानसर हे आमच्या भागातले गणिताचे साधनव्यक्ती. म्हणजे शाळाशाळांतून फिरायचं, आम्हा शिक्षकांना गणित कसं शिकवावं ते सांगायचं, महिन्याच्या शिक्षण परिषदेत दोन तास घ्यायचे. त्यांचं खरं नाव आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण कानसर हे नाव एकदा पडलं ते पडलंच. इतर लोक प्रशिक्षणाला पडदा आणि प्रोजेक्टर घेऊन येत. हे एक काडेपेटीपेक्षा जरासा मोठा रेकॉर्डर आणि एक छोटा स्पीकर घेऊन येत. आमच्याच वर्गांतला एखादा तुकडा लावत आणि म्हणत, "उत्तर राहू द्या. आवाज ऐका." मग एखादं पोर चुकीचं उत्तर देताना ऐकू यायचं आणि सर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचे. त्यांचं म्हणणं असं की चुकीचं उत्तर म्हणजे वाट चुकलेलं लेकरू. त्याला रागावू नये, कुठून निघालं होतं ते विचारावं.

चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, आवाज मात्र कधी विसरत नसत. एकदा आम्ही दोघं भोरच्या एसटी स्टँडवर वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागे एक मिशीवाला तरुण मोबाईलवर कुणाला तरी पत्ता सांगत होता. सर वळलेसुद्धा नाहीत. तसेच समोर बघत म्हणाले, "हातचा घ्यायला विसरायचास बघ तू." तो तरुण फोन कानाला तसाच धरून उभा राहिला. सरांच्या हाताखाली तो तिसरीत होता आणि त्याचा आवाज त्यानंतर फुटलेला होता. इतकी वर्षं होऊन आवाज बदलूनही तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. आवाज बदलतो, पण अडखळायची जागा बदलत नाही, असं काहीसं ते म्हणाले.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला पट कमी झाल्यामुळे बंद पडलेली एक शाळा होती. सरांची पहिली नेमणूक तिथली. शाळा बंद झाल्यावर एका दुपारी ते तिथे गेले आणि रिकाम्या वर्गात रेकॉर्डर चालू करून ठेवून आले. आम्हाला पुढच्या परिषदेत त्यांनी ते ऐकवलं. बराच वेळ नुसता वारा, पत्र्याची कुरकुर, लांब कुठे तरी गाय. मग मध्येच जमिनीवरून काही तरी सरकल्यासारखं वाजलं, पाटी सरकते तसं. आमच्यातलं कुणी तरी हसलं. सर हसले नाहीत. "घूस असेल," म्हणाले आणि स्पीकर बंद केला. थोड्या वेळानं आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पण रिकामा वर्ग लगेच गप्प होत नाही."

त्यांनीच आम्हा चार शिक्षकांचा एक गट केला. चौघांनी मिळून गणिताचा एक पाठ तयार करायचा, एकानं तो आपल्या वर्गात घ्यायचा, बाकीच्यांनी बसून मुलांना ऐकायचं, मग पाठ दुरुस्त करून पुन्हा घ्यायचा. सर याला संशोधन म्हणायचे. आमच्यातले काही जण याला कानसरांची भजनी मंडळी म्हणायचे. या सगळ्यात सरांचा एक हट्ट होता, प्रश्न विचारला की शिक्षकानं गप्प राहायचं. मुलांनीही गप्प राहायचं. वर्गात शांतता हवी, कारण मूल शांततेत विचार करतं. म्हणून एका सुरात ओरडून पाढे म्हणणं त्यांनी आम्हाला जवळजवळ बंद करायला लावलं होतं.

पाठ घ्यायची पाळी आमच्या गटातल्या शिंदेबाईंवर आली. त्यांची शाळा विंझरच्या पलीकडे डोंगराला चिकटलेल्या एका वाडीत. वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. श्रावण सरत आला होता, धुकं व्हरांड्यापर्यंत आलेलं आणि भर दुपारी वर्गात दिवा लावावा लागत होता. पाठ अपूर्णांकांचा होता. एका भाकरीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा, असा प्रश्न. मुलांनी ठरल्यासारखा एकच गलका केला, चौथा मोठा, चौथा मोठा, कारण चार हे तिनाहून मोठे. आम्ही मागे बसलो होतो. सर डोळे मिटून होते. नेहमीसारखा तास झाला, मुलं खिचडीला गेली आणि आम्ही रेकॉर्डिंग लावलं.

गलक्याच्या तळाशी एक बारीक आवाज होता. "चौघींत कमी येतं गं. तिघींत जास्ती येतं."

आम्ही खूश झालो. इतक्या मुलांत एकीला तरी बरोबर कळलं होतं. शिंदेबाईंनी तो तुकडा परत ऐकला आणि हे कुणाचं पोर, ते त्यांना सांगता येईना. सर म्हणाले, सोपं आहे. रेकॉर्डर हजेरीपासून चालू होता, प्रत्येकाचा "हजर" त्यात होता. त्यांनी हजेरी लावली, पुन्हा तो आवाज लावला, पुन्हा हजेरी. बाहेर मुलांच्या ताटल्या वाजत होत्या. सरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हा आवाज हजेरीत कुठेच नव्हता. वर्गात जितकी मुलं होती तितकी सगळी बोलली होती आणि त्यांतलं हे कुणीच नव्हतं.

तेव्हा शिंदेबाईंनी खाली बघत सांगितलं, की हजेरीतला एक "हजर" उसना आहे. रेणू नावाची मुलगी वर्षभरापासून एक अक्षर बोलत नाही. तिच्या नावाला शेजारची मंगल "हजर" म्हणते, सगळ्या वाडीला ते माहीत आहे. भात लावणीत रेणूच्या थोरल्या बहिणीला पान लागलं होतं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. दोघी बहिणी एकाच बसकरावर बसायच्या. थोरलीला गणित यायचं नाही, धाकटी तिला सांगायची. थोरली गेल्यापासून धाकटीचं बोलणं गेलं.

दारात पारूआजी उभी होती. शाळेची खिचडी शिजवणारी, या दोघी मुलींची आजी. ती कधी आली ते आम्हाला कळलं नव्हतं. हातात पळी तशीच होती आणि पळीतून आमटी उंबऱ्यावर गळत होती.

"आक्की हाय ती," ती म्हणाली. "माजी आक्की बोलतीया."

आक्की म्हणजे गेलेली थोरली. आजीच्या बोलण्यात रडणं नव्हतं, आश्चर्य नव्हतं. बाहेर ओसरीवर कोण आलंय ते सांगावं तसं तिनं ते सांगितलं होतं. सरांनी हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला आणि तो हात काही वेळ तसाच त्याच्यावर ठेवला.

वाडीत बातमी पसरायला संध्याकाळ लागली नाही. शाळेत मेलेल्या पोरीचा आवाज येतो म्हणून दोन-तीन घरांनी मुलं पाठवायची थांबवली. रेणूच्या कडेला बसायला कुणी तयार होईना, मंगलसुद्धा लांब सरकली. रेणूची आई घाबरून गेली. बाप पुण्याला हॉटेलात कामाला, त्याचा फोन आला की पोरीला शाळेतून काढा आणि भगताकडे न्या. पारूआजीचं मात्र वेगळंच. ती सरांची मोटारसायकल वाजली की चूल सोडून यायची आणि तो आवाज एकदा ऐकवा म्हणायची. मोबाईलमध्ये घालून द्या म्हणायची. सर नाही म्हणत. मला वाईट वाटायचं. म्हातारी आहे, ऐकू द्या की, असं मी एकदा म्हणाले. सर एकदम कठोर झाले.

"आवाज जिवंत मुलीचा आहे, मॅडम. तो मेलेलीचा म्हणून देऊ? मग जिवंत मुलीनं बोलायचं कुणाच्या आवाजात?"

त्यांना तोवर कळलेलं होतं, की गलक्यातून बोलली ती रेणूच. पण कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. ते दर आठवड्याला त्या वाडीत जाऊ लागले. आईला हात जोडून त्यांनी थोडी मुदत मागून घेतली. रेणूला काहीही विचारायचं नाही, बोल म्हणायचं नाही, अशी सक्त ताकीद शिंदेबाईंना दिली. आपल्या पद्धतीनं वर्ग अगदी शांत ठेवायला लावला आणि मागे डोळे मिटून बसले. रेणू त्या शांततेत ओठ मिटून बसे. तिच्या डाव्या हाताला बसकराची अर्धी जागा रिकामी असे आणि ती दप्तरसुद्धा त्या जागेवर ठेवत नसे. सरांच्या रेकॉर्डरमध्ये वारा भरला, धुक्यात ओरडणारे मोर भरले, पण मूल सापडेना.

मग एके दिवशी पाऊस इतका आला की पत्र्याखाली शेजारच्याचंही ऐकू येईना. शिकवणं थांबलं. ऐकायला काही उरलं नव्हतं, म्हणून सरांनी डोळे उघडले. मी त्यांच्या शेजारी होते. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावून पुढे बघायला खुणावलं. पावसाच्या त्या भिंतीआड रेणूचे ओठ हलत होते. मान डावीकडे, रिकाम्या जागेकडे जराशी कललेली. ती बोटांनी जमिनीवर एक गोल काढत होती आणि त्याचे भाग पाडत होती. मध्येच थांबत होती, समोरच्याला कळलं का ते बघावं तशी. मग मान हलवून पुन्हा गोल काढत होती. पाऊस ओसरला तसे ओठ मिटले.

परत येताना विंझरला चहा घेतला. सर म्हणाले की ती उत्तर देत नाही, ती शिकवते आहे. आणि पुढे म्हणाले, "मी इतकी वर्षं शांतता मागत फिरलो. या पोरीला बोलायला आडोसा लागतो, आणि तो मीच काढून घेतला."

पुढच्या खेपेला त्यांनी शिंदेबाईंना पाढे म्हणवून घ्यायला सांगितलं. अगदी जुन्या पद्धतीनं, सगळ्यांनी मिळून, छत उडेल असे. शिंदेबाई बघतच राहिल्या. तुम्हीच तर बंद करायला लावले होते, असं त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "माझं खोटं नव्हतं. अपुरं होतं." मुलांना आनंदच झाला. बे एके बे पासून जी सुरुवात झाली ती पावकी-निमकीपर्यंत गेली. आणि त्या घोषात सर सरकत सरकत रेणूच्या बाजूला जाऊन बसले. तिच्या जवळ, पण त्या रिकाम्या जागेच्या पलीकडे. जागेला त्यांनी गुडघाही लावला नाही. ती बोलत राहिली, जागेशीच. सर समोर बघत, तिच्याइतक्याच हळू आवाजात म्हणाले, "मला बी न्हाई कळलं. पुन्यांदा सांग."

ती गप्प झाली. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तसंच केलं, त्याच्या पुढच्याही. मुद्दाम चुकायचे. चौथा हिस्सा मोठा म्हणायचे. असं किती दिवस चाललं मला आठवत नाही. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या, एवढं आठवतं. आम्ही चौघं त्या दिवशी वर्गात होतो. घोष चालू होता आणि मी बघितलं, की रेणूनं बसकराच्या त्या रिकाम्या अर्ध्या जागेवर हात थोपटला. सर तिथे बसले. मग ती त्यांना सांगू लागली. जवळची मुलं बघायला लागली आणि त्यांचे पाढे थांबले. मग त्यांच्यामागची थांबली. एकेक आवाज गळत गेला आणि रेणूला ते कळलंच नाही. सगळा वर्ग गप्प झाला तेव्हा ती एकटी बोलत होती.

"किती येळा सांगायचं वो सर. आमी चौघी व्हतो तवा भाकरी कमी यायची. आता तिघी हाय, तर जास्ती येती. मला नको जास्ती."

आजी, आई आणि दोन मुली, अशा त्या चौघी होत्या. आम्ही ज्याला बरोबर उत्तर म्हणून खूश झालो होतो, त्याच्याखाली ती पोर गेलं वर्षभर दबून बसली होती. पारूआजी चुलीवरून कधी उठून आली होती कुणास ठाऊक. ती मुलांमधून वाट काढत आली, रेणूसमोर बसली, तिच्या हनुवटीला हात लावून तिनं तोंड वर केलं आणि तिच्या गळ्यावर कान ठेवला. आवाज कुठून येतो ते बघत असावी. मग म्हणाली, "हिचाच हाय."

त्या दिवसापासून रेणू बोलायला लागली असं झालं नाही. आधी आजीशी, मग मंगलशी, मग खूप दिवसांनी शिंदेबाईंशी, असं ते हळूहळू आलं. भगताचं नाव निघेनासं झालं. आजीनं नंतर सरांना एकच गोष्ट मागितली, तो आवाज पुसून टाका. सरांनी तिच्यासमोर पुसला.

त्या वर्षी पुण्याला गणित शिक्षकांची परिषद होती आणि सरांना तिथे आपल्या कामावर बोलायचं होतं. याहून मोठं सांगण्यासारखं त्यांच्याकडे काय असणार? आम्ही म्हटलं, रेकॉर्डिंग नसलं तरी चालेल, मुलीचं नाव बदला, गावाचं नाव बदला. सर म्हणाले, "नाव बदललं तरी भाकरी तिचीच राहते ना." परिषदेत ते हातच्याच्या चुकांवर बोलले. सभागृह अर्धं रिकामं होतं. मी मागे बसले होते, त्यांच्यासारखे डोळे मिटून. ते बोलताना एका जागी थांबले, थोडे जास्तच थांबले आणि मग पुढे गेले. तिथे काय सांगायचं राहिलं ते त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं.

गेल्या वर्षी सर गेले. निवृत्तीला थोडे महिने होते. सकाळी अंघोळ करून कपडे करत असताना छातीत कळ आली आणि संपलं. भोरला त्यांच्या घरी जलदान विधीला आम्ही सगळे गेलो. भन्तेजींच्या मागोमाग लोक त्रिसरण-पंचशील म्हणत होते, सरांच्या फोटोपुढे मेणबत्त्या होत्या. सरांनी साठवलेल्या शेकडो वर्गांच्या आवाजांत त्यांचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता. रेकॉर्डर चालू असताना ते कधी बोललेच नव्हते. त्यांच्या पत्नीनं हे मला अगदी शांतपणे सांगितलं.

आता गटाचं काम माझ्याकडे आहे. नवीन मुलं-मुली नोकरीला लागतात, त्यांना मी रेकॉर्डिंग लावून दाखवते. प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबायचं असं एकीनं परवा विचारलं. मी म्हटलं, मूल बघून ठरव आणि मीही येते तुझ्या वर्गात.

दिवाळीनंतर विंझरच्या थांब्यावर रेणू भेटली. उंच झाली आहे, हायस्कूलला जाते, दोन वेण्या, सायकल नादुरुस्त म्हणून एसटीची वाट बघत होती. चांगली मोकळेपणानं बोलत होती. गणितात पहिली येते म्हणाली. आजी थकली आहे म्हणाली. सर गेल्याचं तिला ठाऊक होतं. भर दुपारचं ऊन होतं, समोरच्या दुकानात रेडिओ चालू होता. मला राहवलं नाही. मी विचारलं, अजून आक्कीशी बोलतेस का गं?

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तिला आता समदं येतं."

गाडी वळणावर दिसली. तिनं दप्तर खांद्याला लावलं, दोन पावलं पुढे गेली आणि काही तरी राहिल्यासारखं मागे वळली.

"सरांचंच जरा मागं हाय. मुद्दाम चुकत्यात."